दर दोन तासांनी कूस बदलत होते, तरी बेडसोर कसा झाला? पंचवटीतल्या एका काकांची केस

बेडसोर, म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या माणसाला एकाच जागी दाब पडून होणारी जखम, दिसला की सगळ्यात पहिले घरातल्या सुनेकडे बघितलं जातं, 'नीट लक्ष दिलं नसेल' म्हणून. या केसमध्ये लक्ष देण्यात तसूभर कमी नव्हती. घरचे रात्रंदिवस दर दोन तासांनी कूस बदलत होते, कपाटाच्या दाराला चार्ट चिकटवलेला, त्यावर वेळ आणि बाजू लिहिलेली, आणि तरीही माकडहाडावर जखम झाली. का झाली ते शोधायला वेळ लागला, आणि जे सापडलं ते मला बऱ्याच घरांमध्ये दिसतं म्हणून सविस्तर लिहितेय. घरच्यांना विचारून लिहितेय, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.

पेशंट म्हणजे काका, वय ७४, पंचवटीत जुन्या वाड्यात तळमजल्यावर दोन खोल्या. दिवाळीनंतर पॅरालिसिसचा अ‍ॅटॅक आला, मेंदूच्या डाव्या बाजूला, त्यामुळे उजवा हात-पाय गेला आणि बोलणंही गेलं, म्हणजे समजतं बरंचसं पण शब्द बाहेर येत नाहीत, 'हां' आणि 'नको' एवढे दोन नीट येतात. शुगर आधीपासूनची. हॉस्पिटलमधून घरी सोडलं तेव्हा गिळायला त्रास होता, पाणी पिताना ठसका लागायचा, म्हणून बजावून सांगितलेलं की पाठ उंच करूनच भरवा आणि जेवल्यावर लगेच आडवं करू नका. घरात काकू, वय ६९, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. मुलगा म्हणजे दादा अंबड एमआयडीसीत, शिफ्ट ड्युटी, शनिवारी सुट्टी. आणि वहिनी, दोन मुलं शाळेत, स्वयंपाक-धुणं सांभाळून काकांचं उठबस सगळं त्यांच्यावर.

मी घरोघरी जाऊन नर्सिंग करते, मला बोलावलं ते फक्त ड्रेसिंगसाठी.

जखम बघितली तर माकडहाडाच्या वर साधारण ३ बाय २ सेंटीमीटर, वरची कातडी गेलेली, तळ गुलाबी ओलसर, पिवळा-काळा थर नाही, वास नाही, म्हणजे स्टेज २, चार पायऱ्यांपैकी दुसरी. आजूबाजूला बैठकीच्या घड्यांमध्ये वेगळाच लालपणा, पसरट, चरचरीत, तो हाडावर नव्हता, लघवी-शौचाच्या ओलाव्याने झालेला होता. हे दोन वेगळे ओळखणं फार महत्त्वाचं असतं बरं का, कारण ओलाव्याच्या जखमेला कोरडं ठेवणं आणि क्रीम लागतं, दाबाच्या जखमेवरचा दाब काढल्याशिवाय कुठलंही क्रीम काही करत नाही. उजव्या टाचेवरही एक डाग होता. काका सावळे, त्यामुळे लाल असं काही दिसत नव्हतं, पण बोटाने दाबून सोडलं तर रंग बदलत नव्हता आणि हात लावला तर डाव्या टाचेपेक्षा गरम आणि जरा टणक लागत होती. आपल्याकडच्या कातडीवर नुसतं 'लाल झालंय का' बघून भागत नाही, हाताने दोन्ही बाजूंची तुलना करावी लागते, नाहीतर पहिली पायरी हुकते आणि दिसते ती थेट फुटलेली जखम.

ब्रेडन स्केल काढला, म्हणजे बेडसोरचा धोका किती ते मोजलं. बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम या दोन अमेरिकन नर्सेसनी केलेला, १९८७ मध्ये छापून आलेला हा स्केल आजही जगभर वापरतात, सहा गोष्टींना मार्क द्यायचे, एकूण ६ ते २३, जितके कमी तितका धोका जास्त, १८ किंवा खाली म्हणजे सावध व्हा. काकांचे आले १२. त्यात घसरण-ओढाताणीच्या खान्यात ३ पैकी १. त्या एकावर माझं लक्ष अडकलं, कारण चार्ट तर सांगत होता की सगळं व्यवस्थित चाललंय.

चार्ट खोटा असेल असं मला एकदाही वाटलं नाही. वहिनींच्या डोळ्याखालची वर्तुळं बघूनच कळत होतं की रात्री बारा, दोन, चार, सहा ही बाई खरंच उठते. पण त्या चार्टवर डावी, उजवी, पाठ याशिवाय अजून एक शब्द होता, 'बसले'. सकाळी ८ बसले. दुपारी १२.३० बसले. संध्याकाळी ७.३० बसले. मी वहिनींना म्हटलं, आज ड्रेसिंग झालं तरी मी थोडी थांबते, तुम्ही रोजचं करा तसं करा.

साडेबाराला कॉटची पाठ हॅन्डल फिरवून चांगली साठ-सत्तर अंशांपर्यंत वर केली. वरण-भात गुरगुट्या करून चमच्या-चमच्याने भरवला, फार प्रेमाने, प्रत्येक घासाला थांबून. मग लगेच आडवं करायचं नाही म्हणून तसंच ठेवलं. मग टीव्ही लावला. तेवढ्यात मुलांची शाळा सुटायची वेळ, वहिनी त्यांना आणायला गेल्या, काकूंच्या हातून हॅन्डल फिरत नाही. काका हळूहळू खाली सरकत होते, उजवीकडे कलत होते, हनुवटी छातीला टेकेपर्यंत. वहिनी परत आल्या, त्यांनी आणि काकूंनी बगलेत हात घालून वर ओढलं, परत टीव्ही. आडवं केलं तेव्हा चार वाजले होते. चार्टवर त्या साडेतीन तासांची एकच नोंद, 'बसले'.

सकाळचे दोन तास, दुपारचे साडेतीन, रात्री बातम्यांचे दीड, एकूण सात तास. घरच्यांच्या हिशेबात बसणं म्हणजे पाठीला आराम, झोपून झोपून जखम होते ना, मग बसवलेलं चांगलंच की. पण कॉटवर अर्धवट बसलेला माणूस खुर्चीवर बसल्यासारखा मांड्यांवर बसत नाही, तो घसरून माकडहाडावर टेकतो, आणि कमरेच्या वरचं बरंचसं वजन त्या तळहाताएवढ्या जागेवर येतं. वर घसरण. कातडी चादरीला चिकटून जागेवर राहते आणि आतलं हाड वजनाने खाली जातं, मधल्या बारीक रक्तवाहिन्या ताणल्या जातात, वाकतात, आणि रक्त बंद. नुसत्या दाबापेक्षा हा ताण आणि दाब एकत्र आला की जखम लवकर होते आणि आतून होते. मग बगलेतून ओढलं की तीच कातडी उलट्या दिशेला घासली जाते. दिवसातून तीन वेळा हे होत होतं, आणि रात्रभर जागून केलेलं सगळं दुपारच्या टीव्हीत वाया जात होतं.

वहिनींना हे सांगताना मी फार जपून सांगितलं, कारण त्या रडायला लागल्या होत्या. हॉस्पिटलमध्ये सांगितलेलं त्यांनी अक्षरशः पाळलं होतं. ठसक्यासाठी पाठ वर ठेवायची आणि बेडसोरसाठी पाठ तीस अंशांच्या वर ठेवायची नाही, या दोन सूचना एकमेकींच्या विरोधात जातात, आणि डिस्चार्जच्या वेळी त्यांची सांगड घालून देणं हे आमचं, नर्सेसचं काम आहे. ते काम घरच्यांवर सोडलं जातं याचं मला खरंच वाईट वाटतं.

सांगड अशी घातली. जेवण शक्यतो खुर्चीत. हाताची, सरळ पाठीची खुर्ची, त्यावर चांगला फोमचा कुशन, दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकलेले (पाय लोंबकळले की माणूस घसरतोच, म्हणून पायाखाली पाट ठेवला), उजवा हात उशीवर. अशा बसण्यात वजन मांड्यांवर आणि बैठकीच्या दोन हाडांवर येतं, माकडहाड मोकळं राहतं. जेवण अधिक नंतरचा अर्धा तास, एकूण तासभर, त्याच्या वर नाही, आणि मध्ये दर पंधरा-वीस मिनिटांनी पुढच्या टेबलावर छाती टेकवून पुढे झुकवायचं, एखाद-दोन मिनिटं. पहिल्यांदा खुर्चीत बसवताना कॉटच्या कडेला पाय सोडून बसवलं, बीपी बघितलं, कारण इतके दिवस आडव्या माणसाचं बीपी उठल्यावर पडू शकतं, वरचं २० ने किंवा खालचं १० ने उतरलं तर थांबायचं. काकांचं थोडं उतरलं पण चक्कर नाही, दोन-तीन मिनिटांत सावरलं.

खुर्ची जमली नाही तर कॉटवर, पण आधी गुडघ्याकडची बाजू वर करायची, मग पाठ. हा क्रम पाळला की खाली घसरणं बरंच थांबतं. जेवल्यावर अर्ध्या तासाने आधी पाठ तीसवर, मग गुडघ्याकडची बाजू खाली. टीव्ही बघायचाय तर कुशीवर तीस अंश कलून बघायचा, पाठीमागे आणि मांड्यांच्या मध्ये उशी, त्यासाठी टीव्हीची जागा बदलली. पूर्ण नव्वद अंशात कुशीवर झोपवायचं नाही, मग सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो.

वर सरकवायचं काम बगलेतून कायमचं बंद. लुळ्या खांद्याचं हाड खोबणीतून सुटायला आलेलं असू शकतं, एका ओढीत खांदा आयुष्यभर दुखरा होऊ शकतो. कमरेखाली ड्रॉ शीट, म्हणजे सरकवण्यासाठी आडवी घातलेली चादर, दोघांनी दोन बाजूंनी गुंडाळी अंगाजवळ धरायची, एक-दोन-तीन, उचलून सरकवायचं, घासत ओढायचं नाही. आणि काकांचा डावा पाय! तो चांगला होता आणि कोणी वापरतच नव्हतं. डावा गुडघा दुमडून तळपाय गादीवर रोवला, 'काका, आता दाबा' म्हटलं, आणि त्यांनी कंबर दोन बोटं उचलली. काकू बघतच राहिल्या. त्या दिवसापासून सरकवताना काकांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही असं ठरलं, त्यांच्याकडे बघून सांगायचं, ते 'हां' म्हणतात, मग सगळे मिळून. बोलता येत नाही म्हणून आपण पेशंटच्या डोक्यावरून आपापसात बोलत राहतो, ते मला अजिबात चालत नाही. यातून वहिनींची कंबरही वाचली, कारण निम्मं वजन तर काकाच उचलत होते.

आता एअर बेड. भाड्याने आणलेला होता, पंप चालू होता, पण नाशिकची थंडी, वाड्यातली फरशी बर्फासारखी, म्हणून त्यावर गोधडी, गोधडीवर रबर शीट, त्यावर घडी घातलेली चादर. शिवाय पंपाचं बटण फुल्ल, गादी दगडासारखी. आळीपाळीने हवा भरणाऱ्या गादीचा सगळा उपयोग त्या थरांमध्ये संपला होता. थर काढले, एकच चादर, सैल घातलेली, गोधडी अंगावर घेतली. प्रेशर वजनाप्रमाणे सेट केलं आणि वहिनींना हाताची टेस्ट शिकवली, गादीखाली तळहात घालून माकडहाडाच्या जागी बघायचं, हाड हाताला लागत असेल तर हवा कमी आहे. शनिवारी मेंटेनन्सला लाइट गेली की पंप बंद, मग गादी बसते, तर त्या वेळात तासा-तासाने बाजू बदलायची. शनिवारी दादा घरी असतो म्हणून ते निभावलं.

जुन्या साडीची चुंबळ करून काकूंनी बैठकीखाली ठेवलेली होती, जखम टेकू नये म्हणून. ती काढायला सांगितली, कारण चुंबळीच्या कडेने गोल दाब पडतो आणि मधल्या जागेचं रक्त उलट अडतं, रबरी रिंगचंही तेच. स्पिरिट-पावडर चोळणं बंद, कितीतरी वर्षं नर्सिंगमध्येच ते शिकवलं जायचं त्यामुळे लोक करतात यात नवल नाही, पण स्पिरिटने कातडी कोरडी पडते आणि हाडावर चोळल्याने आतून इजा वाढते. आणि गरम पाण्याची पिशवी! उजव्या पायाला नीट कळत नाही, त्यात शुगर, आणि पायाशी पिशवी. ती त्याच क्षणी काढली, पायमोजे घातले. पोटरीखाली उभी उशी, टाच हवेत, गुडघा किंचित वाकलेला. टाचेवरचा डाग काही दिवसांत निवळला.

पातळ शौचाचं प्रकरण वेगळंच निघालं. दिवसातून चार-पाच वेळा थोडं-थोडं पातळ होत होतं, मेडिकलमधून जुलाब थांबवायची गोळी आणून चालू होती, आणि त्यामुळे सारखा डायपर ओला. पोट हाताला फुगलेलं लागत होतं. विचारलं तर नीट घट्ट शौच कधी झालं ते कोणाला आठवत नव्हतं. डॉक्टरांशी बोलून तपासलं तर आत कडक खडा अडकलेला, आणि त्याच्या बाजूने पातळ झिरपत होतं. त्या गोळीने ते अजून घट्ट होत होतं. गोळी बंद, डॉक्टरांनी लिहून दिलेला एनिमा, नंतर रोज रात्री मल मऊ करणारं औषध, आणि सकाळच्या चहानंतर कमोड चेअर, कारण खाल्ल्या-प्यायल्यावर आतड्याला आपोआप चालना मिळते. झोपून राहणाऱ्या माणसाला अचानक थोडं-थोडं पातळ व्हायला लागलं तर आधी बद्धकोष्ठ आहे का बघा, मग गोळी. लघवीसाठी दिवसा डब्बा, रात्री कंडोम कॅथेटर (कंडोमसारखी वरून चढवायची लघवीची नळी), रोज काढून कातडी बघायची, बॅग नेहमी कमरेच्या खाली. घड्यांमध्ये झिंकचं क्रीम पातळ थर.

ड्रेसिंग खरं तर सगळ्यात सोपं. सलाइनने धुवायचं, जखमेत हायड्रोजन पेरॉक्साइड वगैरे काही नाही, वर सिलिकॉन बॉर्डरचं फोम, दोन-तीन दिवसांनी किंवा घाण झालं तर बदल. दर आठवड्याला कागदी पट्टीने माप आणि परवानगीने फोटो, वही घरातच.

जेवणात मात्र घासाघीस करावी लागली. वजन ५२ किलो उरलेलं, आणि पोटात जात होतं पेज, वरणाचं पाणी, रव्याची खीर. जखम भरायला किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे काकांना ६५ ते ७८ ग्रॅम, आणि शुगरचा पेशंट म्हणून आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, बघून डॉक्टरांनी हो म्हटलं. काका पूर्वी अंडं खायचे, पण मार्गशीर्षात बंद केलेलं ते सुरूच झालं नव्हतं, आणि काकूंना स्वयंपाकघरात चालत नाही. वहिनींनी बाहेरच्या खोलीत छोटी शेगडी मांडली. उकडलेलं अंडं कोरडं, ठसका लागेल, म्हणून अगदी ओलसर भुर्जी, दोन अंड्यांची, १२ ग्रॅम तिथेच आले. बाकी घट्ट मूगडाळ, कुस्करलेलं पनीर, घट्ट दही. पेज बंद केली नाही, त्यात दूध पावडर घातली.

राहिली रात्र, आणि माझ्या मते सगळ्या प्लॅनची खरी परीक्षा तीच होती. वहिनी किती दिवस अशा जागणार? २०१३ मध्ये त्याच नॅन्सी बर्गस्ट्रॉम आणि त्यांच्या टीमने अमेरिका-कॅनडातल्या नर्सिंग होम्समध्ये केलेला अभ्यास आहे, चांगल्या फोमच्या गादीवर दोन, तीन आणि चार तासांनी कूस बदलणाऱ्यांमध्ये बेडसोरच्या प्रमाणात विशेष फरक दिसला नाही. पण ते पेशंट सुरुवातीला जखम नसलेले, म्हणून मी ते सरसकट काकांना लावलं नाही. आधी दिवसाची घसरण बंद केली, जखम लहान व्हायला लागली, मग डॉक्टरांना विचारून रात्रीचं अंतर तीन तास, रोज सकाळी कातडी बघून, आणि कुठे नवीन डाग नाही हे दिसल्यावर चार. रात्री साडेअकरा दादा करतो, सेकंड शिफ्टहून आला की हात-पाय धुवून आधी तेच. साडेतीनला वहिनी. साडेसातला सगळे उठलेलेच असतात. मधे काकू जाग आली की उशी जराशी ओढतात किंवा सरकवतात, एवढ्याशा बदलानेही दाबाची जागा बदलते आणि त्याला गुडघे लागत नाहीत. चार्टमधून 'बसले' हा शब्द काढून दोन रकाने केले, 'खुर्ची' आणि 'पाठ वर', आणि दोन्हीपुढे किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत.

संक्रांतीला जखम अडीच बाय दीड होती, होळीच्या आधी बंद झाली. मध्ये एकदा उजवी पोटरी सुजल्यासारखी वाटली, मालिशवाल्या मावशी येणार होत्या, त्यांना थांबवून आधी डॉपलर (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) करून घेतला, रक्ताची गाठ निघाली नाही. एका पायाची सूज असेल तर तपासल्याशिवाय चोळायचं नाही, हे मी प्रत्येक घरात सांगते.

भरलेल्या जागेची कातडी पहिल्यासारखी मजबूत लगेच होत नाही, त्यामुळे खुर्चीची वेळ अजून तासाच्या वर नेलेली नाही, काका खुणेने अजून बसू द्या म्हणतात तरी. रंगपंचमीला त्यांना दारात बसायचं होतं, तर तासभर बसवून मध्ये आत आणून आडवं केलं आणि परत नेलं, दादा आणि शेजारच्या दोन मुलांनी मिळून. आता एप्रिल लागलाय, खोलीत दुपारी घाम येतो आणि कुशनचं रेग्झिन पाठीला चिकटतं, तर त्यावर सुती खोळ शिवून घेतलीये आणि दोन खोळी आलटून-पालटून धुतात. दादाची शिफ्ट बदलते त्या आठवड्यात साडेअकराची पाळी कोण करणार ते अजून पक्कं नाही, तूर्त ज्या आठवड्यात नाइट असेल तेव्हा नणंद आडगावहून मुक्कामाला येते.